८५ तिपटीने २५५: कोनाच्या त्रिभाजनाचा दावा आणि एका चर्चागटाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. एकाच गटात, एकाच महिन्यात असं सगळं घडलेलं नाही. गणित-विज्ञानाच्या चर्चागटांत हा प्रसंग ज्या क्रमाने पुन्हा पुन्हा घडतो, तो क्रम इथे एका धाग्यात बसवला आहे. त्यातलं गणित मात्र खरंखुरं आहे. कंपास, पट्टी आणि कोरा कागद घेऊन कुणीही ते तपासू शकेल.

दावा

गट सर्वांना खुला होता. सदस्यांमध्ये शाळा-कॉलेजातली मुलं, शिक्षक, निवृत्त अभियंते आणि गणिताची हौस असलेले बरेच जण होते. संपादक तीन, आणि तिघेही आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करणारे. एका रविवारी एका नव्या सदस्याने धागा काढला: 'कोनाच्या त्रिभाजनाचं दोन हजार वर्षांचं कोडं सुटलं'. सोबत बारा पानांची फाइल, २३ पायऱ्या, चार आकृत्या. शेवटी एकच ओळ होती: 'आधी कोनमापक लावून बघा, मग बोला.'

कंपास आणि खुणा नसलेली पट्टी घेऊन कोन दुभागता येतो, हे शाळेत सगळेच शिकतात. त्याच दोन साधनांनी कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येतील का, हा जुना ग्रीक प्रश्न. पिअर वांट्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली त्याचं उत्तर दिलं: नाही. ६० अंशांच्या कोनाचेच होत नाहीत, मग कोणत्याही कोनाचे कुठून होणार?

कारण थोडक्यात असं. या दोन साधनांनी मिळणारी प्रत्येक लांबी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्याच क्रियांतून येते. २० अंशांच्या कोसाइनची दुप्पट क्ष मानली, तर क्ष³ − ३क्ष − १ = ० हे समीकरण मिळतं. त्याचं परिमेय उत्तर असेलच तर ते १ किंवा −१ असायला हवं. १ घातला की −३ येतात, −१ घातला की १ येतो. शून्य कुठेच नाही. म्हणजे हे समीकरण परिमेय संख्यांत फुटत नाही (त्याचे लहान घाताचे अवयव पडत नाहीत), आणि तिसऱ्या घाताचं न फुटणारं समीकरण वर्गमुळांची कितीही लांब माळ लावली तरी सुटत नाही.

एवढं माहीत असलेल्या माणसाला बारा पानं न वाचताच कळतं की कुठेतरी चूक आहे. पुढच्या तीन दिवसांत जे बिघडलं, त्याची सुरुवात इथेच झाली. चूक आहे हे माहीत असणं आणि चूक कुठे आहे हे दाखवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम अनेकांनी केलं. दुसरं कुणीच केलं नाही.

पहिले तीन दिवस: १३१ प्रतिसाद

पहिला प्रतिसाद आला तो असा: 'अशक्य आहे, १८३७ सालीच सिद्ध झालंय.' बरोबर होता, पण पुरेसा नव्हता. धागाकर्त्याचं उत्तर तयार होतं: 'सिद्धता मीही वाचली आहे. पण माझी रचना समोर आहे, ती खोटी पाडा.' दुसऱ्याने थट्टा केली, तिसऱ्याने त्या थट्टेला दाद दिली. चौथ्याने खरोखर कंपास हातात घेतला, ६० अंशांचा कोन काढला, रचना पार पाडली, कोनमापक लावला आणि प्रामाणिकपणे लिहिलं: 'माझे तर २० अंश येतायत.' पाचव्याने भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये रचना करून १९.९२ हा आकडा टाकला. त्यावर लगेच उत्तर आलं: 'सॉफ्टवेअर दोनच दशांश दाखवतं, फरक त्याचा आहे.'

सहाव्या सदस्याने अकराव्या पायरीतली चूक काढली. तिथे एका बिंदूचं अक्षर चुकलं होतं, 'ट'च्या जागी 'ठ' पडला होता. धागाकर्त्याने तासाभरात अक्षर दुरुस्त केलं आणि जाहीर केलं: 'आक्षेप दूर झाला, रचना अबाधित आहे.' तिथून पुढे तो प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगत राहिला की आक्षेप घेतले गेले आणि त्यांना उत्तरं दिली गेली.

दहा जणांनी दहा बाजूंनी आक्षेप घेतले की हे असंच होतं. दावा करणारा त्यातला सगळ्यांत हलका आक्षेप उचलतो, तेवढ्याला उत्तर देतो, आणि भारी आक्षेप प्रतिसादांच्या गर्दीत बुडून जातो. शिवाय दहा आक्षेप एकमेकांशी जुळणारे नसतात. एकजण म्हणतो कोन २०च येतो पण ती सिद्धता नव्हे, दुसरा म्हणतो कोन २० येतच नाही. बाहेरून वाचणाऱ्याला वाटतं, यांचंच आपसात ठरत नाहीये.

तिसऱ्या दिवशी रात्री धाग्यात १३१ प्रतिसाद झाले होते. निम्म्याहून जास्त प्रतिसाद धागाकर्त्याच्या स्वभावाबद्दल, भाषेबद्दल, पदवीबद्दल. रचनेबद्दल फार थोडे. या सगळ्यात १०४ क्रमांकाचा प्रतिसाद एका शाळकरी मुलीचा होता: 'मी स्वतः काढून पाहिलं. माझ्या कोनमापकावर बरोबर २० अंश येतात. मग चूक नक्की कुठे आहे, कुणी सांगेल का?' तिला कुणीही उत्तर दिलं नाही. तिच्या खाली लगेच भांडण पुढे सुरू झालं.

अशा धाग्याची किंमत मोजायची तर १३१ हा आकडा बाजूला ठेवून १०४ क्रमांकाचा प्रतिसाद बघायला हवा. धागाकर्त्याचं मत बदलणं जवळजवळ कधीच हाती नसतं. पण न बोलता वाचणारे त्याच्या कितीतरी पट असतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्याने धीर करून विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहिला, तर गट आपल्या मुख्य कामातच नापास झाला.

उत्तर द्यायचं की नाही

'लक्ष देऊ नका, आपोआप थंड होईल' हा सल्ला अशा वेळी हमखास येतो. त्यामागे एक भीतीही असते, की खोडून काढलं तर लोक उलट त्या दाव्याला अधिक चिकटतील. २०१० साली नायहान आणि राइफ्लर यांच्या प्रयोगांत असा उलटा परिणाम काही ठिकाणी दिसला होता आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढे वूड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, ५२ विषय घेऊन तो शोधला, तेव्हा तो जवळपास कुठेच सापडला नाही. २०१९ साली श्मिड आणि बेच यांनी विज्ञान नाकारणाऱ्यांना उत्तर देण्याच्या पद्धती तपासल्या. त्यात विषयातली चूक दाखवणं उपयोगी पडलं, आणि समोरचा वापरत असलेली युक्ती उघड करणंही. सगळ्यांत वाईट परिणाम झाला तो उत्तरच न देण्याचा.

म्हणून उत्तर द्यायचं. पण किती, याला मर्यादा हवी. अल्बर्टो ब्रँडोलिनी या इटालियन प्रोग्रामरने २०१३ साली मांडलेलं निरीक्षण सगळ्या संपादकांना पाठ असतं: फोल बोलणं खोडायला ते बोलण्यापेक्षा दहापट श्रम लागतात. बारा पानांना एकशेवीस पानांचं उत्तर देणारा गट महिनाभरही टिकणार नाही. त्यामुळे उत्तर एकच असावं, ते एकानेच द्यावं, आणि कुणालाही स्वतःच्या हाताने तपासता येईल असं असावं.

हाच प्रश्न पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे १७७५ साली होता. कोनाचं त्रिभाजन, घनाचं दुप्पटीकरण, वर्तुळाचं चौरसीकरण आणि अविरत चालणारी यंत्रं या विषयांवरचे दावे यापुढे तपासणार नाही, असं तिने जाहीर केलं. मोठं बक्षीस ठेवलेलं आहे या समजुतीने लोक कामधंदा सोडून अशा शोधांमागे लागत होते आणि त्यांच्या कुटुंबांची वाताहत होत होती, हेही त्यामागचं एक कारण होतं. हा निर्णय करुणेतूनही झाला होता, हे विसरलं जातं. अकादमीला तपासणी नाकारणं परवडत होतं, कारण तिच्या दारात १०४ क्रमांकाची मुलगी उभी नव्हती. खुल्या गटात ती असतेच.

चौथा दिवस: संपादकांनी काय केलं

धागा उडवला नाही आणि लगेच कुलूपही घातलं नाही. उडवला असता तर धागाकर्त्याला 'माझा आवाज दाबला' असं म्हणायला आयतं कारण मिळालं असतं. शिवाय मुलीचा प्रश्नही त्याबरोबर गेला असता. पहिलं पाऊल गती कमी करण्याचं होतं: प्रत्येक सदस्याला दिवसाला एकच प्रतिसाद, धागाकर्त्यालाही तोच नियम. थट्टेचे आणि व्यक्तीवरचे प्रतिसाद 'अवांतर' म्हणून वेगळ्या धाग्यात हलवले, ते लिहिणाऱ्या जुन्या, मानाच्या सदस्यांचेसुद्धा. हे करताना जुने सदस्य दुखावतात. तरी करावंच लागतं, कारण नियम फक्त नव्या माणसाला लागू आहे असं एकदा दिसलं की गटाची बाजू कितीही खरी असली तरी ती पडते.

दुसरं पाऊल दावा एका वाक्यात लिहून घेण्याचं. बारा पानांवर चर्चा होत नाही, वाक्यावर होते. संपादकांनी मसुदा दिला आणि धागाकर्त्याकडून 'होय, हाच माझा दावा' असं लिहून घेतलं: 'कोणत्याही कोनाचं, फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून, ठरावीक संख्येच्या पायऱ्यांत, तंतोतंत त्रिभाजन होतं.'

या वाक्यातल्या चार अटींपैकी प्रत्येक अट महत्त्वाची आहे. 'कोणत्याही' काढलं तर दाव्यात नवं काही उरत नाही, कारण ९० अंशांचं त्रिभाजन समभुज त्रिकोण काढून सहज होतं. 'खुणा नसलेली' काढलं तर पट्टीवर दोन खुणा करून आर्किमिडीजच्या नावावर असलेल्या रीतीने कोणताही कोन त्रिभागता येतो. कागदाला घड्या घालूनही येतो. 'ठरावीक संख्येच्या' काढलं तर अनंत पायऱ्यांनी हव्या तेवढ्या जवळ जाता येतं. 'तंतोतंत' काढलं तर सुतार, लोहार आणि आरेखक पिढ्यान्पिढ्या जे करत आले तेच उरतं. त्रिभाजनाचा दावा फसतो तो या चारांपैकी एक अट लेखकाच्याही नकळत निसटलेली असल्यामुळे. चारही अटी लिहून घेतल्या की निसटलेली अट शोधणं एवढंच काम उरतं.

मसुदा लिहिताना एक चूक झाली होती, ती सांगायला हवी. पहिल्या मसुद्यात 'ठरावीक संख्येच्या पायऱ्यांत' हे शब्दच नव्हते. संपादकांना ते इतके उघड वाटले की लिहायचे राहून गेले. सुदैवाने एका सदस्याने दुसऱ्या दिवशी लक्षात आणून दिलं. ते राहिले असते तर पुढे सगळा वाद त्याच फटीतून निसटला असता.

तिसरं पाऊल एक प्रश्न विचारण्याचं: 'काय दिसलं तर हा दावा मागे घ्याल?' हा प्रश्न चाचणीच्या आधी विचारायचा असतो. नंतर विचारला तर उत्तर निकालाकडे बघून ठरतं. पहिल्या दिवशी धागाकर्त्याने 'काही दिसणारच नाही' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारल्यावर लिहिलं: 'माझी रीत मोठ्या कोनावरही तशीच चालते. ती चुकलेली दाखवा, मी मान्य करीन.'

चाचणी

उत्तर द्यायला एकच सदस्य नेमली, शाळेत भूमिती शिकवणारी. बाकीच्यांना विनंती केली की तिचं उत्तर येईपर्यंत थांबा. तिने २३ पायऱ्या ओळीने लिहून काढल्या, प्रत्येक पायरीसमोर तिथे कोनाचा कितवा भाग मिळतो ते मांडलं. अक्षरांचा पसारा बाजूला झाला आणि खाली साधीच गोष्ट निघाली. रचना कोनाचा चौथा भाग घेत होती, त्यात चौथ्याचा चौथा मिळवत होती, त्यात त्याचाही चौथा, आणि आणखी एकदा. म्हणजे १/४ + १/१६ + १/६४ + १/२५६. बेरीज ८५/२५६.

६० अंशांचा ८५/२५६ भाग म्हणजे १९.९२ अंश. २० पेक्षा साधारण ०.०८ अंशाने कमी. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या कंसावर हा फरक ०.१४ मिलिमीटरचा होतो. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर ती एकटीच ०.२९ अंश व्यापते. शाळेच्या कोनमापकावर एक अंशापेक्षा बारीक खूण नसते. मुलीने २० वाचले ते तिने चुकीचं मोजलं म्हणून नव्हे. तिच्या हातातल्या साधनाने दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. तिला उत्तर देताना हे वाक्य सर्वांत आधी लिहिलं गेलं, आणि ते तसंच असायला हवं होतं.

चूक डोळ्याला दिसावी म्हणून तिने दिलेली चाचणी अशी:

१. सरळ रेघ काढा. तिच्यावरच्या एका बिंदूभोवती १० सेंटीमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा. हा १८० अंशांचा कोन.
२. फाइलमधली रचना या कोनावर जशीच्या तशी करा.
३. मिळालेल्या भागाची जीवा (कंसावरच्या त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर) कंपासमध्ये पकडा आणि रेघेच्या एका टोकापासून कंसावर तीनदा ओळीने मांडा.
४. तिसरी खूण दुसऱ्या टोकाला टेकते का ते बघा.

१८० अंश निवडण्याचं कारण असं, की त्याचं खरं त्रिभाजन म्हणजे ६० अंश, आणि तिथे जीवा त्रिज्येएवढीच असते. कोनमापक, कॅल्क्युलेटर, सॉफ्टवेअर, कशाचीच गरज नाही. कंपास न हलवता त्रिज्या तीनदा मांडली की बरोबर दुसऱ्या टोकाला पोचतो. शेजारीच या रचनेने मिळालेली जीवा मांडायची. एका भागात ०.२३ अंश कमी पडतात, तीन भागांत ०.७०. कंसावर फट राहते १.२ मिलिमीटरची. ही दिसते.

या चाचणीतही गडबड होऊ शकते, आणि ती आधीच सांगितली नाही तर धागाकर्ता नंतर तिच्यावरच बोट ठेवणार. आठ वेळा दुभागताना कंपासचं टोक थोडं थोडं सरकतं. जीवा पकडताना ०.२ मिलिमीटरची चूक झाली तर तीनदा मांडल्यावर ती ०.६ होते. म्हणून चाचणी चार वेळा, दर वेळी नव्या कागदावर करायची. हाताची चूक असेल तर खूण कधी अलीकडे पडेल, कधी पलीकडे. पद्धतीची चूक असेल तर ती बहुतेक वेळा अलीकडेच पडेल. कंपास मोठा असेल तर २० सेंटीमीटर त्रिज्या घ्यावी, फट दुप्पट होते.

आणि कागद फक्त बघण्यासाठी आहे. निर्णय अपूर्णांकावर होतो: ८५ तिपटीने २५५, २५६ नव्हे. आणखी एक फेरी केली तर ३४१/१०२४ मिळतात, त्यांची तिप्पट १०२३. दर फेरीला फट बरोबर एक चतुर्थांश होते, पण शून्य होत नाही, कारण चारच्या कोणत्याही घाताला तीनने भाग जात नाही. हे समजायला वांट्झेलची गरजच लागत नाही. अपूर्णांक शिकलेल्या मुलाला कळतं. या धाग्यातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच होतं, आणि १३१ प्रतिसादांत ते कुणी लिहिलं नव्हतं, कारण २३ पायऱ्या कुणी शांतपणे लिहूनच काढल्या नव्हत्या.

त्यानंतर

धागाकर्त्याचं पहिलं उत्तर: 'फट पेन्सिलच्या जाडीची आहे.' शिक्षिकेने लिहिलं: '८५/२५६ मध्ये पेन्सिल नाही.' दुसरं उत्तर: 'मग एक फेरी वाढवतो.' त्याला १०२३ दाखवले. तिसरं: 'अनंत फेऱ्या घेतल्या तर बरोबर १/३ येतो.' हे खरंच आहे. संपादकांनी तिथे शांतपणे नोंद केली की तिसरी अट, ठरावीक संख्येच्या पायऱ्यांची, आता धागाकर्त्याने स्वतःच सोडली आहे आणि मूळ दावा उरलेला नाही.

'चूक झाली' असं त्याने लिहिलं नाही. ते वदवून घ्यायचा प्रयत्नही कुणी करू नये. चारचौघांत मान खाली घालायला लावली की माणूस दुप्पट जोराने उसळतो, आणि वाचणाऱ्यांची सहानुभूती त्याच्याकडे जाते. त्याऐवजी त्याला एक दार उघडं ठेवलं: धाग्याचं नाव बदलून 'त्रिभाजनाची वेगाने जवळ जाणारी सन्निकट रीत' असं करावं आणि दर फेरीच्या चुकीचा तक्ता जोडावा. रीत खरोखर चांगली आहे. प्रत्येक फेरीला चूक चौपटीने घटते. या दारातून सगळे जात नाहीत, पण ते उघडं ठेवायला काही लागत नाही.

या टप्प्यावर गॅलिलिओ आणि रामानुजन यांची नावं येतात. इथेही आली. त्यावर 'तुम्ही गॅलिलिओ नाही' असं उत्तर देणं निरुपयोगी, शिवाय मूळ मुद्दा टाळणारं. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे उपग्रह जाहीर केले तेव्हा चांगली दुर्बीण असलेला कुणीही ते बघू शकत होता. रामानुजनांनी १९१३ साली केंब्रिजमधले गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रातली सूत्रं हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवूड यांनी पारखून पाहिली, म्हणून पुढचं सगळं घडलं. म्हणजे ज्यांना बाहेरचे म्हणून नाकारलं जाऊ शकत होतं, त्यांना तपासणीनेच तारलं. उपेक्षा होणं हे खरेपणाचं लक्षण नव्हे आणि खोटेपणाचंही नव्हे. खुद्द वांट्झेलच्या निबंधाकडे जवळजवळ शंभर वर्षं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

हल्ली आणखी एक गोष्ट होते: 'मी ही रचना चॅटबॉटला दाखवली, त्याने बरोबर म्हटलं.' असं उत्तर पुरावा म्हणून धरू नये, आणि त्यावर वादही घालू नये. चॅटबॉट पुष्कळदा विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो. पूर्वी असे दावे विस्कळीत भाषेवरून, जाड ठशातल्या ओळींवरून चटकन ओळखू यायचे. आता भाषा घासूनपुसून येते, म्हणून वरवरच्या खुणा सोडून पायऱ्याच बघाव्या लागतात.

संपादकांची दुसरी मोठी चूक पुढच्या आठवड्यात झाली. उत्तर पूर्ण झालं म्हणून त्यांनी धाग्याखाली 'विषय संपला' एवढंच लिहून तो बंद केला. दोनच दिवसांत दुसऱ्या आयडीने तोच दावा नव्या धाग्यात आला, आणि नऊ सदस्यांना खाजगी निरोपही गेले. त्यांतले काही निरोप दमदाटीचे होते. इथे दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या. दुसरा आयडी आणि दमदाटी यांवर गटाच्या नियमाप्रमाणे कारवाई झाली: दुसरा आयडी बंद, मूळ आयडीला तीस दिवस लिहिण्यास मनाई. कारवाईच्या निरोपात त्रिभाजनाचा एक शब्दही नव्हता. चुकीचं गणित मांडणं हा गुन्हा नाही, आणि तो गुन्हा ठरवणाऱ्या गटात पुढे कुणी शंका विचारायला धजावत नाही.

'विषय संपला' ही ओळ काढून तिच्या जागी ही नोंद आली:

'या धाग्यातली रचना तपासली आहे. तिने कोनाचा ८५/२५६ भाग मिळतो, १/३ नाही. तपशील १४९ क्रमांकाच्या प्रतिसादात आहे आणि चाचणी कुणालाही घरी करता येईल. सन्निकट रीत म्हणून रचना चांगली आहे. सुधारलेली रचना मांडायची असल्यास तिने कोनाचा नेमका कितवा भाग मिळतो ते लिहून संपादकांकडे पाठवा. सात दिवसांत उत्तर मिळेल. तोवर धागा वाचनमात्र आहे.'

नोंदीत काय तपासलं, काय निघालं, कुठे बघायचं आणि परत यायचं तर कसं, हे सगळं आहे. माणसाबद्दल त्यात काही नाही. पुढच्या वेळी असाच दावा आला की नवा वाद न घालता हीच नोंद दाखवता येते. असे दावे परत येतातच.

ही सगळी संथ पद्धत इथे चालली, कारण कोनाच्या त्रिभाजनाने कुणाचा जीव जात नाही. दावा औषध बंद करण्याचा, लस न घेण्याचा किंवा विषारी काहीतरी पिण्याचा असेल, तर क्रम उलटा करावा लागतो. आधी मजकूर झाकायचा, तिथेच दोन ओळींत कारण लिहायचं, आणि तपासणी त्यानंतर. अशा वेळी चार दिवस थांबणं म्हणजे चार दिवस तो मजकूर लोकांपुढे ठेवणं.

धागा वाचनमात्र झाला तेव्हा प्रतिसाद १८४ होते. शेवटचा त्या मुलीचा. तिने चाचणी चार वेळा केली होती आणि चार कागदांचे फोटो लावले होते. तीनदा खूण अलीकडे पडली होती, चौथ्या वेळी कंपास सरकला असं तिने स्वतःच लिहिलं होतं. खाली प्रश्न होता: 'मग ७२ अंशांचं त्रिभाजन होतं का?' शिक्षिकेने तिच्यासाठी नवा धागा उघडला. होतं. ७२चा तिसरा भाग २४, आणि २४ म्हणजे ६०मधून ३६ वजा. ६० समभुज त्रिकोणातून मिळतो, ३६ नियमित पंचकोनातून. पंचकोन कंपास-पट्टीने कसा काढायचा, तिथून त्या धाग्याची सुरुवात झाली.